छातीएवढा पाया

खड्डा जेमतेम गुडघ्याएवढा झाला आणि पाया संपला. खणणाऱ्याने पहार बाजूला ठेवली, भिंतीच्या तळाखाली हात घातला, तर तो कोपरापर्यंत आत गेला. हात बाहेर काढून त्याने वर पाहिलं. खड्ड्याच्या काठावर सगळं घर उभं होतं, आणि घरातला प्रत्येकजण आप्पा सोडून बाकी सगळीकडे बघत होता.

"आणखी खण," आप्पा म्हणाले. "खाली असेल."

"खाली काय असेल, आप्पा?" थोरल्याने विचारलं. "संपलेला पाया खाली परत सुरू होतो का?"

प्रश्न थोरल्याने विचारला, हेच आप्पांना जास्त लागलं. धाकट्याकडून त्यांची कसलीच अपेक्षा नव्हती, त्यामुळे त्याच्याकडून अपेक्षाभंगही व्हायचा नाही. थोरला मात्र त्यांच्या हाताखाली तयार झालेला, त्यांच्याच दुकानात त्यांच्याच स्टुलावर बसणारा. त्याने निदान सगळ्यांसमोर तरी गप्प बसायला हवं होतं.

कारण या घरात पाया नुसता भिंतींखाली नव्हता, बोलण्यातही होता. तरुणपणी आप्पांनी छातीएवढा पाया खणून घेतला, स्वतः खड्ड्यात उतरून उभे राहिले आणि काठ छातीला टेकल्यावरच दगड भरू दिले, ही हकिकत दोन्ही पोरांनी दुधाबरोबर प्यायली होती. शेजारच्या भिंतीला तडा गेला की ती सांगितली जाई. कुणाच्या मुलाने नोकरी सोडली तरी सांगितली जाई. धाकट्याचं लग्न ठरताना मुलगा काय करतो हे मुलीकडच्यांना कळायच्या आत पाया किती खोल आहे ते कळलं होतं. मुलगा नक्की काय करतो हे त्यांना अजूनही नीटसं कळलेलं नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. आप्पा वजनकाटे दुरुस्त करत, थोरला वजनकाटे दुरुस्त करतो, आणि धाकटा वजनकाटे विकणाऱ्यांना सल्ला देतो.

खड्डा खणायला लावला होता इंजिनिअरबाईंनी. वर मजला चढवायचा तर खाली काय आहे ते आधी बघू, असं त्यांनी म्हटलं तेव्हा आप्पा हसले होते. बघा, जरूर बघा, तेवढंच तुम्हाला शिकायला मिळेल, असंही म्हणाले होते. बाई वयाने लहान होत्या आणि चिखलाचे बूट दाराबाहेर काढून ठेवायच्या, त्यामुळे आप्पांचं त्यांच्याविषयी मत बरं होतं. ते मत आता झपाट्याने खाली येत होतं.

वरचा मजला हवा होता धाकटीला, म्हणजे धाकट्याच्या बायकोला. तिला मजल्याची, गच्चीची किंवा हवेची हौस नव्हती. तिला एक दार हवं होतं. घराची रचना अशी, की पुढे बैठकीची खोली आणि तिला लागून आप्पांचं लांबलचक कामाचं दालन. मागे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि थोरल्याची खोली. पुढच्या घरातून मागच्या घरात जायचा रस्ता एकच, आणि तो धाकटीच्या मधल्या खोलीतून. लग्न होऊन ती या खोलीत आली तेव्हापासून सगळं घर तिच्या पलंगाच्या पायथ्याशी ये-जा करत होतं. सासूबाई चहाला जाताना, सासरे अंघोळीहून येताना, जाऊबाई शाळेत शिकवायला निघताना. पोटात दुखतंय म्हणून ती दुपारी आडवी झाली, तर संध्याकाळपर्यंत घरातल्या प्रत्येकाने येता-जाता एकेक औषध सुचवलेलं असे. नवऱ्याशी भांडायचं तर वर्दळ कमी असण्याची वेळ बघून भांडावं लागे, आणि तोवर राग निघून जाई. भांडण न झालेल्या संसाराला लोक सुखी म्हणतात. धाकटीला त्या सुखाचा वीट आला होता.

*

"पाया थोडा उथळ असेल," आप्पा आता म्हणाले, "पण घर हललंय का? माझ्या घरात वाकडी वस्तू दाखवा. एक दाखवा."

बाईंनी पिशवीतून पाणसळ काढली. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबला तर वस्तू समतल, एवढी साधी वस्तू. त्या मागच्या दाराने आत गेल्या आणि मागोमाग वरात निघाली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. थोरल्याच्या खोलीतल्या कपाटावर ठेवली. मधोमध. पलंगाच्या काठावर, न्हाणीघरातल्या स्टुलावर, कुठेही ठेवा, बुडबुडा रेषांच्या मध्ये असा शांत बसला होता की आप्पांना त्याचा गालगुच्चा घ्यावासा वाटला.

"अं?" आप्पा म्हणाले. एवढंच म्हणाले, पण छाती पुढे काढून म्हणाले.

मग बाईंनी पाणसळ जमिनीवर ठेवली. बुडबुडा सरळ एका टोकाला जाऊन चिकटला.

बाईंनी ती उचलून झटकली आणि पुन्हा ठेवली. बुडबुडा पुन्हा तिथेच. त्या क्षणभर गोंधळल्या. जमीन उतरती आणि तिच्यावरचं सामान सपाट, असं त्यांना कुठल्या वर्गात शिकवलं नसावं. त्यांनी खाली वाकून पलंगाची चादर वर केली.

थोरल्याची बायको दारात उभी होती. तिला चादरीखाली काय आहे ते माहीत होतं, कारण ते तिनेच ठेवलं होतं. पलंगाच्या मागच्या दोन्ही पायांखाली लाकडाच्या पाचरी. आधी एकेक होती, मग दोन झाल्या, मागच्या हिवाळ्यात तिने तिसरीही सारली. कपाटाखालीही तसंच. कपाटामागे भिंतीला तडा होता, म्हणून तर कपाट तिथे होतं. तडा हाताचं बोट जाईल एवढा होता आणि तिने अंधारात एकदा बोट घालून पाहिलंही होतं. नवऱ्याला ती बोलली नव्हती. छातीएवढ्या पायाच्या घरात आपल्याच खोलीत तडा जातो म्हणजे तो बहुधा आपल्याच हातून गेला असणार, असं तिला वाटे. शाळेत शिकवणाऱ्या बाईला असं वाटू नये, पण सासरी शिक्षण बैठकीच्या खोलीपर्यंतच सोबत येतं.

खरं तर इंजिनिअरबाईंना बोलावून आणलं तिनेच. बाई तिच्या मैत्रिणीची मुलगी. धाकटी डोक्यावर राहायला जाणार, मग वरून पाणी सांडणार, खुर्च्या ओढणार, आणि मुख्य म्हणजे खाली बघून बोलणार, हे तिला नको होतं. इंजिनिअर नाही म्हणाली की वाईटपणा इंजिनिअरचा, असा तिचा सरळ हिशेब. त्या हिशेबात स्वतःच्या पलंगाखालची पाचर धरायची राहून गेली होती.

"या तुझ्या?" थोरल्याने तिला हळूच विचारलं.

"मग काय रोज रात्री तुमच्या अंगावर घरंगळत यायचं?" ती म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं, की नवऱ्याचा चेहरा रागाचा नव्हता. चोरी पकडली गेल्यासारखा होता. तो खाली बसला, कपाटाच्या पायाखाली हात घातला आणि तिच्या पाचरीखालून पत्र्याचा तुकडा काढला. तो त्याचा होता. नवराबायको एकाच कपाटाखाली एकमेकांना न सांगता पाचरी सारत आले होते.

त्यानंतर कुणाची लाज राहिली नाही. सासूबाईंनी शेगडीच्या एका बाजूला डब्याची झाकणं सरकवली होती, कारण तव्यावर तेल एकाच कडेला जमायचं. न्हाणीघरातल्या स्टुलाला धाकट्याने रबराचे तुकडे चिकटवले होते आणि घरात फक्त तोच हुशार आहे अशा समजुतीत तो रोज अंघोळ करत होता. दुसऱ्या कुठल्याही घरात कधीच कुणीतरी ओरडलं असतं, की अहो, जमीन खचतेय. पण हे काटेवाल्यांचं घर. वाकडी वस्तू दिसली की हात आपोआप तिच्याखाली जायचा, आणि ती सरळ झाली की विषय मिटायचा. घर खचत गेलं आणि घरातली माणसं त्याच्याबरोबरीने सामान वर उचलत गेली.

*

अंगणात परत आल्यावर इंजिनिअरबाई जे बोलल्या ते धाकटीने शब्द न शब्द ऐकलं. पुढचं घर आणि मधली खोली घट्ट जमिनीवर आहे, तिथला पाया खरंच खोल असावा. मागचा भाग भराव टाकलेल्या मातीवर आहे आणि खाली पाया असा नाहीच. सगळं घर सारखं खाली गेलं असतं, तर कदाचित तुम्हाला कळलंही नसतं. पण अर्धं घर जागेवर उभं आणि अर्धं खाली चाललंय, म्हणून भिंत मध्ये फाटतेय. वर मजला चढवायचा विचार सोडा. आधी मागचं घर वाचवायला हवं. भिंतीखाली थोड्या थोड्या अंतरावर खणायचं, घट्ट जमीन लागेपर्यंत खाली जायचं, तेवढा तुकडा काँक्रीटने भरायचा, तो धरला की मग शेजारचा. सगळं एकदम खणलं तर भिंत अंगावर येईल. आणि पावसाळ्याच्या आत व्हायला हवं.

वर मजला चढवायचा विचार सोडा. हे वाक्य बाईंनी ओघात उच्चारलं आणि कुणी धाकटीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या नवऱ्यानेही नाही. तो मान हलवत होता. कुणीही बोलत असलं की तो मान हलवतो. नव्या काट्यावर काहीही न ठेवता आकडे हलत राहतात, तसं.

बाकीच्यांना दुसराच प्रश्न पडला होता. आप्पा तर छातीपर्यंत उतरले होते. मग हे काय?

"आप्पा," थोरला म्हणाला, "मी काटा तपासायला शिकलो तेव्हा तुम्ही मला काय शिकवलंत? वजन मधोमध ठेवून बघायचं नाही. चारही कोपऱ्यांत ठेवून बघायचं. एक कोपरा विसरलो तेव्हा कानाखाली बसली होती. तुम्ही चारही कोपऱ्यांत उतरला होतात का?"

आप्पांनी भराव, जुनं डबकं, त्या काळचे मजूर, त्या काळचा पाऊस, असं बरंच काही सांगितलं. मजुरांनी फसवलं, असा एकूण सूर होता. ते सगळं आई कोऱ्या चेहऱ्याने ऐकत होत्या. आप्पा दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी पदर खोचला.

"मागच्या बाजूला पाणी लागलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांचे बूट नवे होते."

कुणीच हसलं नाही, इतकं ते पटण्यासारखं होतं. आप्पांचे बूट आजही आरशासारखे असतात.

"तू तेव्हा बोलली नाहीस," आप्पा म्हणाले.

"तेव्हा मी नवी होते," आई म्हणाल्या. "नंतर तुम्ही पाया इतक्या लोकांना सांगितला होता, की खरं बोलायला जागाच उरली नव्हती."

*

भांडण पेटलं ते यावर नाही. जुन्या चुकांवर हे घर फार वेळ घालवत नाही. त्या शिल्लक टाकून ठेवतात, पुढे लागतात. भांडण पेटलं ते मातीवरून.

मागचं अंगण तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींनी बंद. खणलेली माती बाहेर न्यायची आणि वाळू, खडी, सिमेंट आत आणायचं, ते कुठून? थोरल्याने विचारसुद्धा न करता बोट दाखवलं आणि सगळ्यांनी विचारसुद्धा न करता मान डोलावली. मधल्या खोलीतून. जमिनीवर जुनी पोती टाकली की झालं, आई म्हणाल्या. पलंग उभा करून ठेवता येईल, थोरलीने सुचवलं. धाकट्याने पोती आणायची जबाबदारी घेतली, आणि तेवढ्यानेच तो कर्तबगार दिसू लागला.

धाकटी उठून आत गेली. घरातल्यांना वाटलं चहा टाकायला गेली. मग मधल्या खोलीतून लाकूड ओढल्याचा आवाज आला. लोक धावले तेव्हा पलंग पुढच्या आणि मागच्या दाराच्या बरोबर मध्ये आडवा होता आणि ती त्यावर मांडी घालून बसली होती.

"इथून माती जाणार नाही," ती म्हणाली.

तिला आधी गोडीगुलाबीने समजावण्यात आलं. मग आई म्हणाल्या, की अख्खं घर पडायला आलंय आणि तुला पोत्याचं पडलंय. धाकटा म्हणाला, की आई म्हणतेय त्यात तथ्य आहे. मग बायकोकडे बघून म्हणाला, की तिच्या म्हणण्यातही तथ्य आहे. थोरला चिडला. एवढ्या मोठ्या कामात एकीच्या हट्टापायी खोळंबायचं का, तो म्हणाला, आणि दुसरा रस्ता तरी कुठे आहे?

"आहे की," धाकटी म्हणाली. "आप्पांच्या दालनातून. त्याची मागची भिंत अंगणाला लागून आहे. तिच्यात दार पाडा."

सगळे आप्पांकडे बघू लागले. ते दार पाडायचा विषय लग्नाच्या पहिल्याच वर्षी निघाला होता आणि तिथेच गाडला गेला होता. आप्पांच्या दालनात काचेच्या पेटीत त्यांचा बारीक काटा होता, केसाचंसुद्धा वजन दाखवणारा. आसपास कुणी चाललं की त्याची सुई थरथरे. आता आप्पा थकले होते, त्या काट्यावर महिन्या-दोन महिन्यांनी एखादं काम येई. पण दालनातून वर्दळ नको, हा घराचा कायदा होता.

"काट्याला हादरे बसतील," आप्पा म्हणाले.

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढवायची तिला गरज वाटली नाही.

"आप्पा, त्या सुईला हादरा बसू नये म्हणून मी लग्न करून आले तेव्हापासून हे सगळं घर माझ्या उशापायथ्याने चालतंय. मला काचेची पेटी नव्हती. वर खोली देतो म्हणालात, म्हणून मी थांबले. आता वरचं गेलं. मी पलंग हलवणार नाही."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. दोघी जावांचं फारसं पटत नाही, हे त्याच्या आयुष्यातलं एक खात्रीचं भांडवल होतं. त्याच्या जोरावर त्याने बरेच निर्णय पार पाडले होते. पण थोरली तडा मनात धरून उभी होती. काल तो कपाटामागे होता, आज तो घरादाराला माहीत झाला होता. आज रात्री तिला त्याच्या शेजारी झोपायचं होतं. धाकटी किती दिवस पलंगावर बसून राहील याचा तिने अंदाज घेतला. उत्तर फार वाईट आलं.

"बरोबर आहे तिचं," थोरली म्हणाली.

थोरल्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मातीपुरतं भोक पाडू," आप्पांनी माघार घ्यायला सुरुवात केली, पण इंचाइंचाने. "काम झालं की बुजवून टाकायचं."

धाकटी लोकांमागोमाग आत आलेल्या इंजिनिअरबाईंकडे वळली आणि शाळेतल्या मुलीसारखा प्रश्न विचारला. भिंतीला भोक पाडलं तर वरचा भार धरायला तुळई टाकावी लागते का? लागतेच, बाई म्हणाल्या. आणि एकदा तुळई बसवली, चौकट केली, की ते बुजवण्यात काही अर्थ असतो का? बाईंनी आप्पांकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं, मग पाणसळ पिशवीत ठेवत म्हणाल्या, की नाही, तो निव्वळ वेडेपणा होईल.

आप्पांनी शेवटचा आधार म्हणून आईंकडे पाहिलं. आई गुडघा धरून उभ्या होत्या. त्या पलंगाला वळसा घालून मागे जायचा विचार करत होत्या, आणि जागा नव्हती.

"दार पाडा," आई म्हणाल्या. "मला स्वयंपाकघरात जायचंय."

*

भिंतीत दार पडलं. माती दालनातून बाहेर जाऊ लागली, खडी आत येऊ लागली, आणि त्याच वाटेने बादल्या, टॉवेल, चहाचे कप, थोरलीच्या वह्या आणि खोकणारे आप्पा असं सगळं घरही. मागच्या भिंतीखाली पहिला तुकडा खणला तेव्हा घट्ट जमीन छातीच्या पातळीला लागली. थोरला जुने बूट घालून स्वतः खाली उतरला. दुसऱ्या तुकड्यालाही उतरला. आप्पा वरून बघत राहिले आणि काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत याला कौतुक समजायची पद्धत आहे.

धाकटीने मधल्या खोलीचं पुढचं दार लावलं आणि मागचंही. पहिल्या दुपारी तिला झोप आली नाही, फार शांत वाटलं म्हणून. दुसऱ्या दुपारी ती गाढ झोपली. तिसऱ्या दुपारी ती आणि नवरा आठवणीतलं पहिलं मनासारखं भांडण भांडले. आवाज चढले, एक वाटी आपटली, मागचे सगळे हिशेब निघाले, आणि मध्येच कुणी "तेल कुठे आहे गं" म्हणत आलं नाही. धाकट्याने पहिल्यांदाच कुणाचीही बाजू न घेता स्वतःचं मत सांगितलं. ते चुकीचं होतं, पण स्वतःचं होतं. तो पाय आपटत दुकानाकडे गेला तेव्हा तिला इतकं बरं वाटलं, की ती पलंगावर पालथी पडून हसली.

त्या संध्याकाळी दारावर टकटक झाली. या दारावर टकटक व्हायची पद्धत नव्हती, त्यामुळे तिला आधी वाटलं मागे काहीतरी पडलं. मग पुन्हा झाली, जरा दबकत.

"कोण?" तिने विचारलं.

"मी," आप्पांचा आवाज आला. थोडं घुटमळून ते म्हणाले, की दालनात आता फार वर्दळ असते, सुई ठरत नाही. घरात हलत नाही अशी खोली आता एकच राहिली आहे. पेटी लहान आहे, कोपऱ्यात मावेल. महिन्यातून एखाद्या वेळी काम. आणि मग, घर बांधल्यापासून त्यांनी कुणालाच विचारला नव्हता असा प्रश्न त्यांनी विचारला. "येऊ का आत?"

धाकटी काहीच करत नव्हती. केस मोकळे नव्हते, कपडे बदलायचे नव्हते, खोली आवरलेली होती. ती पलंगावर नीट मागे सरकून बसली आणि भिंतीला पाठ टेकली.

"थांबा जरा," ती म्हणाली.

आप्पा बाहेर थांबले.